शब्द मोजणाऱ्या खळदकरबाई

समोरचा माणूस बोलायला लागला की खळदकरबाईंचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरू लागायचा. नवख्याला वाटे, बाई नामस्मरण करताहेत. मग तो आवाजात थोडा भक्तिभाव आणून आणखी लांबण लावी. त्याचं संपलं की बाई शांतपणे आकडा सांगत. "अठ्ठ्याऐंशी." आणि क्षणभरानं, "कामाचे पाच."

त्या शब्द मोजत.

आमच्या सोसायटीच्या पहिल्याच वार्षिक सभेत अध्यक्षांनी 'आपण सारे एक कुटुंब' या विषयावर भाषण केलं. सभा पाण्याच्या टँकरबद्दल होती. टाळ्या थांबल्यावर तिसऱ्या रांगेतून एक बारीक, कोरडा आवाज आला, "चारशे बारा. त्यात 'टँकर' एकदाही आलेला नाही." अध्यक्षांनी हसून दाखवलं. मी सेक्रेटरी या नात्यानं इतिवृत्त लिहीत होतो. तो आकडा मी इतिवृत्तात घातला. आमची ओळख झाली ती अशी.

बाई एका मराठी दैनिकाच्या छोट्या जाहिरातींच्या खिडकीवर एकतीस वर्षं बसल्या होत्या. कार्यालय मंडईपासून चालत पाच मिनिटांवर. जाहिरातीचा दर शब्दांवर असे. दहा शब्दांपर्यंत एक दर, पुढच्या प्रत्येक शब्दाला जास्तीचा. लोक घरून कागदावर मजकूर लिहून आणत आणि बाई लाल-निळी पेन्सिल घेऊन बसत. निळ्या टोकानं मोजायचं, लाल टोकानं खोडायचं. स्थळं, भाड्याच्या खोल्या, हरवलेली कुत्री, वापरलेली शिलाई यंत्रं, नावात बदल, सगळं त्या एका खिडकीतून जाई.

"श्रद्धांजलीसुद्धा," बाई सांगत. "घरून 'अत्यंत दुःखी' असं लिहून आणतात. अकरावा शब्द झाला म्हटलं की नुसते दुःखी होतात."

त्या हे चेष्टेनं सांगत नसत. एकतीस वर्षं माणसांना शब्द टाकताना आणि वाचवताना पाहून त्यांचं एक मत तयार झालं होतं, आणि ते त्यांना विचारलं नाही तरी त्या ऐकवत. ज्याला खरोखर कामाला माणूस हवा असतो, तो काम सांगतो, वेळ सांगतो, पत्ता सांगतो आणि गप्प बसतो. त्याला घाई असते. ज्याला काम द्यायचंच नसतं, तो कामाबद्दल सोडून सगळ्याबद्दल बोलतो. विशेषतः तुमच्याबद्दल. तुमची स्वप्नं, तुमचं स्वावलंबन, तुमच्या मुलांचं भविष्य.

निवृत्तीनंतर त्यांची मंडईजवळची भाड्याची जागा पाडून तिथं नवी इमारत व्हायची ठरली आणि बाई वाघोलीला आमच्या सोसायटीत आल्या. सोसायटीचं नाव इंग्रजी आहे. त्यात एक डोंगर, एक दरी आणि एक राजघराणं आहे. यांतलं काहीही आसपास नाही. आसपास आहे तो नगर रस्ता आणि त्यावरचे पाण्याचे टँकर. माझ्यासारखे शहरातून आलेले निवृत्त आणि विदर्भातून नोकरीसाठी आलेली तरुण जोडपी, अशी आमची वस्ती. मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल होतो, म्हणजे मला लिहितावाचता येतं, असं गृहीत धरून मला सेक्रेटरी केलेलं आहे.

बाईंनी घर घेण्याआधी बिल्डरची माहितीपुस्तिका शब्दाशब्दानं वाचली होती. ती अजून त्यांच्या कपाटात होती. एकदा मला काढून दाखवली. "बघा. 'तरणतलाव' तीनदा. 'कारंजे' दोनदा. 'पाणी' एकदाही नाही."

"मग घेतलंत कशाला?"

"बाकीच्या सात बिल्डरांच्या पुस्तिकेतही नव्हतं. ह्यांच्यात निदान लिफ्टचा उल्लेख कमी होता. म्हटलं, असेल बहुतेक."

किरकोळ अंगाची बाई. सुती साडी, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. चष्म्याच्या घरात मात्र चष्मा नसे. तिथं एक छोटी कात्री आणि ती लाल-निळी पेन्सिल असे. जाहिरात दिसली की कापायची आणि जुन्या रोजनिशीत चिकटवायची, हा उद्योग निवृत्तीनंतरही चालूच होता. वर्तमानपत्रातून पडणारी रंगीत पत्रकं, विजेच्या खांबांवर डकवलेली, टँकरच्या पाठीमागची, सगळी. खांबावरची निघत नसेल तर त्या रस्त्यात उभ्या राहून उतरवून घेत. मोबाईलवर येणाऱ्या जाहिराती कापता येत नाहीत याचं त्यांना मनापासून वाईट वाटे. त्या हातानं नक्कल करत.

पहिल्या रोजनिशीच्या पहिल्या पानावर एकच जाहिरात होती. बाईंची सर्वांत आवडती. 'मंडईत गाळ्यावर भाजी निवडायला बाई हवी. पहाटे पाचला यावे लागेल. बसायला खुर्ची नाही.'

"बसायला खुर्ची नाही," बाई पुन्हा वाचत, एखादी ओळ आवडल्यावर आपण वाचतो तशी. "हे सांगायला त्या माणसानं तीन शब्दांचे जास्तीचे पैसे दिले होते. मी म्हटलं, खोडते. तर म्हणाला, राहू द्या, नंतर कटकट नको. ह्या माणसाकडे मी डोळे मिटून कुणालाही पाठवीन."

दर रविवारी सकाळी त्यांच्या घरी सोसायटीतल्या दोन-चार बायका येऊन बसू लागल्या. कुणी ठरवलं नव्हतं. घरबसल्या कामाची जाहिरात ज्या-त्या फोनवर येत होती आणि सगळ्यांना घरी बसूनच काही करणं शक्य होतं, कारण मुलं लहान. मी एकदा वर्गणीच्या निमित्तानं गेलो तर वर्ग चालू होता. एक जण मोबाईलवरून वाचत होती, "शिक्षणाची अट नाही, वयाची अट नाही, अनुभवाची अट नाही."

"थांब," बाई म्हणाल्या. "तीन अटी नाहीत. म्हणजे ह्यांना कामाला माणूस नकोच आहे. नुसता माणूस हवाय. पुढं?"

"आजच संपर्क साधा, मर्यादित जागा."

"घरी बसून करायच्या कामाला जागा कशी मर्यादित? घर तुझं आहे ना?"

"नोंदणी शुल्क भरताच काम सुरू."

"झालं. आता मला सांग, काम काय आहे?"

 त्या मुलीनं सगळी जाहिरात पुन्हा चाळली. काम काय ते कुठंच नव्हतं. बाई एवढंच करत. फसवणूक वगैरे शब्द त्या वापरत नसत. 'काम काय?' विचारून गप्प बसत.

त्यांची चूक कधी होत नसे असं मात्र नाही. एका प्रकाशकाकडून मला घरी बसून मुद्रितं तपासायचं काम आलं होतं. मी पत्र मोठ्या अभिमानानं बाईंना दाखवलं. त्यांनी 'आकर्षक मानधन' या दोन शब्दांवर बोट ठेवलं आणि पत्र परत केलं. "ज्याचं मानधन आकर्षक असतं तो आकडा लिहितो." मी नकार कळवला. महिन्याभरानं समजलं की काम अगदी खरं होतं, आणि माझ्या एका जुन्या सहकाऱ्यानं ते घेतलं. मी बाईंना सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्या बस बदलत मंडईत गेल्या, अर्धा किलो अंजीर घेऊन माझ्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "चूक माझी." दोन शब्द. पुढं मला सहकाऱ्याकडून मानधनाचा आकडा कळला, तोही मी प्रामाणिकपणे त्यांना सांगितला. बाईंनी ऐकून घेतलं. "अंजीर संपले का?" एवढंच विचारलं.

त्यांची एक गोष्ट मला कित्येक दिवस उमगली नव्हती. त्या कुणाचाही मजकूर सुधारून देत नसत. मी सोसायटीच्या फलकासाठी सूचना लिहिली होती : 'सर्व सन्माननीय सभासदांस सविनय कळविण्यात येते की काही अपरिहार्य कारणास्तव उद्या पाणीपुरवठा खंडित राहील.' बाईंनी निळ्या टोकानं मोजली. "चौदा. कामाचे तीन. उद्या पाणी नाही."

"मग खोडून द्या की."

"मी खोडत नाही."

"एकतीस वर्षं तेच केलंत ना?"

"म्हणूनच." आणि त्या चहा टाकायला आत गेल्या. हा मला निवृत्त माणसाचा ताठा वाटला. तो माझ्यात भरपूर असल्यामुळे दुसऱ्यात चटकन ओळखू येतो.

वैशालीचा प्रसंग घडला नसता तर मी त्याच समजुतीत राहिलो असतो.

वैशाली आमच्या बी विंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर, बाईंच्या समोरच्या घरात भाड्यानं राहते. मूळची यवतमाळकडची, बीकॉम झालेली. नवरा मंगेश रांजणगावच्या एका कारखान्यात पाळीवर जातो. मुलगी ओवी तीन वर्षांची. वैशाली रविवारच्या त्या बैठकीला कधी गेली नव्हती. ती मुळात कुठं जायचीच नाही. एके दिवशी दुपारी तीनच्या सुमारास ती माझ्या दारात आली, ओवी कडेवर झोपलेली.

"काका, एक विचारू काय?"

"विचार की."

"पोलीस आले तं त्यांनाही गेटवर रजिस्टरमध्ये नाव लिहा लागते काय?"

मला प्रश्नच कळेना. ती म्हणाली, "नाही, म्हंजे वॉचमन फार मोठ्यानं विचारते, कोणत्या फ्लॅटला जायचं म्हणून. सगळ्या खिडक्यांतून ऐकू जाते. तुम्ही सेक्रेटरी आहात, त्याला जरा हळू विचारायला सांगता काय? फक्त आजच्या दिवस."

मी तिला खुर्चीवर बसवलं आणि थेट बाईंना बोलावून आणलं. त्या माझ्याकडे येतील की नाही अशी शंका होती, कारण दुपारी तीन ही त्यांची वर्तमानपत्र दुसऱ्यांदा वाचायची वेळ. पण माझ्या तोंडाकडे बघून त्या चष्म्याचं घर घेऊन आल्या.

वैशालीनं सांगितलं ते असं. फोनवर जाहिरात आली होती. घरबसल्या टायपिंग. नोंदणीला पैसे नाहीत म्हणून तिला ते खरं वाटलं. फोनवरच एक करारनामा आला, त्यावर बोटानं सही केली, आधार कार्डाचा फोटो पाठवला. मग पाच दिवसांत सहाशे फॉर्म भरायचे. ओवी झोपली की बसायचं, असं करत तिनं सगळे पुरे केले. सहाव्या दिवशी निकाल आला. चुका फार, काम नापास. करार मोडला म्हणून भरपाई. आणि आज सकाळी नोटीस. वर राजमुद्रेसारखं काहीतरी, मध्ये कलमं, खाली शिक्का. पैसे भरले नाहीत तर खटला, घरी पोलीस, नवऱ्याच्या कारखान्याला पत्र.

"ओवीच्या शाळेचे बाजूला काढून ठेवलेले हायत," ती म्हणाली. "तेवढेच मागतात ते. सहा वाजेपर्यंत भरले तं मिटते म्हणाले. ह्यांना माहीत नाही काही. सातला घरी येतात. त्याच्याआधी भरून टाकते म्हटलं. पण समजा पैसे पोहोचायच्या आधी पोलीस निघाले असतील तं..."

म्हणून ती वॉचमनचा आवाज कमी करायला आली होती. शाळेचे पैसे जाणार हे तिनं मनाशी ठरवून टाकलेलं होतं. तिला फक्त खिडक्या वाचवायच्या होत्या.

बाईंनी फोन मागून घेतला. नोटीस मोठी करून वाचली. एकदा, दोनदा. मग मला म्हणाल्या, "सेक्रेटरी, ही कागदावर काढून आणता?" कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून मी ती छापून आणली. बाईंनी पेन्सिलीचं निळं टोक काढलं आणि नोटिशीला खालून सुरुवात केली. माझ्या मनात आलं, की आता कायद्याचं कलम काढतील. बाईंचा कायद्याशी माझ्याएवढाच संबंध होता.

"वैशाली, हे बघ. 'आज सायंकाळी सहा वाजेपर्यंत भरणा केल्यास दंडाच्या रकमेत पन्नास टक्के सवलत.' बरोबर?"

"हो जी."

"कोर्ट सवलत देत नाही. सवलत लक्ष्मी रोडच्या दुकानांत मिळते. पुढं. 'ही अंतिम संधी दवडू नका.' कोर्टाला तू संधी दवडलीस तर काय फरक पडतो? आणि हे. 'आपल्या कुटुंबाच्या भविष्याचा विचार करा.'" त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "एकशे चाळीस शब्दांत तू नक्की काय मोडलंस ते कुठं लिहिलंय, दाखव मला."

वैशालीनं शोधलं. ते नव्हतं.

"ही नोटीस नाही," बाई म्हणाल्या. "जाहिरात आहे. आधीची होती ती पण जाहिरात, ही पण जाहिरात. आधीच्या जाहिरातीत काम सांगितलं नव्हतं, हिच्यात गुन्हा सांगितलेला नाही. लिहिणारा एकच."

मला वाटलं, आता वैशाली सुटकेचा श्वास टाकेल. ती रडायला लागली. "मी शिकलेली आहे, काकू. पाच दिवस बसून टाइप केलं मी. मला कसं नाही कळलं? ह्यांना काय सांगू? येवढं वाचूनही मी विश्वास ठेवला."

 बाई उठून आपल्या घरी गेल्या आणि एक रोजनिशी घेऊन आल्या. तिच्यात मध्येच घडी घातलेला एक पिवळा पडलेला कागद होता. तो त्यांनी उघडून टेबलावर ठेवला. निळ्या शाईनं लिहिलेले पत्ते होते. एकाखाली एक, वीस-पंचवीस. अक्षर असं, की पुस्तक छापावं. जागोजाग एकाच उंचीची वेलांटी.

"तू नुसती वाचलीस," बाई म्हणाल्या. "मी सुधारून दिली होती."

त्यांच्या खिडकीवर एक माणूस आला होता. स्वच्छ कपडे, हातात चामडी बॅग. त्याच्या कागदावर चाळीसेक शब्द : सुवर्णसंधी, भरघोस, महिलांसाठी खास. बाई त्याला म्हणाल्या, एवढं कशाला लिहिताय, लोक विश्वास ठेवणार नाहीत. आणि लाल टोकानं खोडत गेल्या. उरले तेरा शब्द. 'घरी बसून पाकिटांवर पत्ते लिहिण्याचे काम. अक्षर सुवाच्य हवे. अनामत लागेल. समक्ष भेटावे.'

"'अक्षर सुवाच्य हवे' हे माझं," बाई म्हणाल्या. "त्याला सुचलं नव्हतं. म्हटलं, कुणीही येऊन तुमचा वेळ घेईल, चांगल्या बायका याव्यात. आणि तशाच गेल्या. पंधरा दिवसांनी तो बसायचा त्या खोलीला कुलूप. बायका खिडकीवर आल्या. अनामत गेलेली. कुणी भांडली, कुणी रडली, ते समजण्यासारखं होतं. एक मात्र हे पान घेऊन आली. भांडली नाही. म्हणाली, नमुना म्हणून लिहून आणायला सांगितलं होतं, हे कुठं द्यायचं?"

"मग?" वैशालीनं विचारलं. तिचं रडणं थांबलं होतं.

"मी घेतलं ठेवून. परत घेऊन जा, असं म्हणवेना. ऑफिसनं सांगितलं, आपण खाली छापतोच, जाहिरातींची शहानिशा वाचकांनी करावी. छापतो खरं. फार बारीक अक्षरांत." त्यांनी कागदाची घडी घातली. "त्या माणसाची मूळ जाहिरात तशीच गेली असती तर निम्म्या बायका गेल्याच नसत्या. तेव्हा तू मूर्ख असशील तर मी काय आहे ते बघ. आता डोळे पूस आणि चहा टाक. सेक्रेटरींच्या घरी दूध असेल."

दूध होतं. बाईंना कुणाचा मजकूर का खोडवत नाही, हे मला त्या दिवशी, त्या चहाच्या आधी कळलं. मी ताठा म्हणत होतो.

फोन टेबलावर होता. साडेचारला वाजला. बाईंनी आवाज मोठा करायला सांगितलं. 'लीगल डिपार्टमेंट'मधून बोलणारा एक आवाज अर्ध्या हिंदीत, अर्ध्या मराठीत सुरू झाला. मॅडम, केस रजिस्टर हो चुका है, मॅडम, तुमच्या भल्यासाठी सांगतो. बाईंचा अंगठा पेरांवरून फिरत होता. त्याचा दम संपल्यावर त्या म्हणाल्या, "एकशे सोळा. कामाचा एक. 'आज.'"

"कौन बोल रहा है?"

"शेजारीण. वकील असाल तर पोस्टानं पाठवा. पत्ता आहे तुमच्याकडे."

फोन बंद झाला. पुन्हा पाचला वाजला, साडेपाचला वाजला. आम्ही उचलला नाही. ओवी उठली होती आणि पेन्सिलीच्या निळ्या टोकानं नोटिशीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर गिरवत होती. खोटं कशाला सांगू, पावणेसहाला मलाही ती नोटीस खरी वाटू लागली होती. मी सारं आयुष्य पुस्तकांच्या सहवासात काढलं आहे, मला खरं आणि छापलेलं यातला फरक चटकन कळत नाही. मी दोनदा उठून खिडकीतून गेटकडे पाहिलं. वैशालीनं चारदा पाहिलं. बाई वर्तमानपत्र दुसऱ्यांदा वाचत होत्या.

सहा वाजले. काही झालं नाही. सहा वाजून पाच मिनिटं झाली. गेटवर एक पाण्याचा टँकर आला, वॉचमननं त्याला मोठ्यानं विचारलं कोणत्या विंगला जायचं म्हणून, आणि वैशाली खुर्चीतून उभी राहिली. मग बसली.

सहा वाजून दहा मिनिटांनी फोन चमकला. वैशालीनं वाचलं, पुन्हा वाचलं आणि बाईंकडे सरकवला. 'खास आपल्या विनंतीवरून मुदत उद्यापर्यंत वाढविण्यात आली आहे. आता फक्त पंचवीस टक्के भरा.'

खळदकरबाई हसल्या. मोठ्यानं हसल्या. त्यांना तसं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. "सेल लागला," त्या म्हणाल्या. "कोर्टात सेल लागला गं, वैशाली!"

आणि वैशाली हसायला लागली. आई हसतेय म्हणून ओवी हसायला लागली. मीही हसलो.

सातला मंगेश आला. बाईंनी वैशालीला बजावून ठेवलं होतं, "सगळं सांग. असल्या लोकांची दमदाटी चालते ती आपण लपवतो त्याच्यावर." तिनं सांगितलं. मंगेश ऐकत गेला, त्याचं तोंड उतरत गेलं. मला भीती वाटली. शेवटी तो म्हणाला, "मागच्या वर्षी मी पण... ते व्हिडिओ लाइक करायचं काम होतं ना... मी तं तुला सांगितलंच नव्हतं."

वैशालीनं त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्यात रागापेक्षा आनंद जास्त होता, असं मी खात्रीनं सांगू शकतो. "किती गेले?" तिनं विचारलं. ते आम्ही ऐकायला थांबलो नाही.

दुसऱ्या दिवशी सायबर पोलिसांकडे तक्रार केली. अर्जात 'घटनेचे थोडक्यात वर्णन' असा रकाना होता. वैशालीनं दोन पानं लिहिली. बाईंनी वाचली, मोजली आणि एकही शब्द न खोडता परत दिली. "तक्रार लांबच असावी." पुढं काही दिवस फोन येत राहिले, सवलत वाढत गेली, मग बंद झाले. पोलीस आले नाहीत. पत्र आलं नाही. ओवीचा शाळेत प्रवेश झाला आणि ती आता रोज सकाळी लिफ्टमध्ये सगळ्यांना आपला डबा उघडून दाखवते.

त्याच वर्षी पावसाळ्याअखेर बाई गेल्या. लोणी काळभोरला, भाचीकडे. भाची तिथल्या कॉलेजात शिकवते, तिचं घर तळमजल्यावर आहे, आणि बाईंच्या गुडघ्यांना आमची लिफ्ट पुरत नव्हती. ज्या लिफ्टचा उल्लेख माहितीपुस्तिकेत कमी होता ती खरोखरच कमी वेळा चालू असे.

सकाळी टेम्पो आला. सामान थोडं. रोजनिश्यांचीच चार खोकी. अध्यक्षांनी पुष्पगुच्छ आणला होता आणि गेटपाशी, टेम्पोच्या शेजारी उभे राहून ते 'ज्येष्ठांचे योगदान' या विषयावर बोलू लागले. बाईंचा अंगठा पेरांवर होता. मध्येच तो थांबला. त्यांचं लक्ष फलकाकडे गेलं होतं.

फलकावर वैशालीनं एक कागद लावला होता. माझी परवानगी तिनं आदल्या दिवशी घेतली होती, मजकूर मी वाचला नव्हता. 'आनंदाची बातमी! आनंदाची बातमी! आता घरबसल्या आपल्या साडीला उत्तम, आकर्षक व खात्रीशीर पिको-फॉल करून मिळेल. एकदा अवश्य भेट द्या. बी-३०४.'

बाई अध्यक्षांना तिथंच सोडून फलकापाशी गेल्या. वैशाली मागोमाग गेली, मीही गेलो.

"अक्षर सुवाच्य आहे," बाई म्हणाल्या.

त्यांनी चष्म्याचं घर उघडलं. पेन्सिल काढली. उलटी फिरवली. लाल टोक कागदावर टेकवून त्या जरा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग 'आनंदाची बातमी' खोडली. दुसरीही खोडली. 'आता', 'घरबसल्या', 'आपल्या', 'उत्तम, आकर्षक व खात्रीशीर', सगळं गेलं. 'एकदा अवश्य भेट द्या' गेलं.

"किती दिवस लागतात तुला एका साडीला?"

"चार. ओवी शाळेत गेली की मगच बसता येते मशीनवर."

"मग लिही तसं."

"तसं लिहिलं तं कोण येईल, काकू?"

"घाई नाही ते येतील. तेच पुन्हा येतात."

वैशालीनं पेन्सिल घेतली आणि रिकाम्या झालेल्या जागेत निळ्या टोकानं, एकसारख्या अक्षरांत लिहिलं. आता कागदावर एवढंच उरलं होतं : 'साडीला पिको-फॉल करून मिळेल. चार दिवस लागतात. बी-३०४.'

बाईंचा अंगठा पेरांवरून फिरला.

"आठ," त्या म्हणाल्या. "सगळे कामाचे."

पेन्सिल त्यांनी चष्म्याच्या घरात ठेवली, घर पिशवीत टाकलं, एक हात वैशालीच्या खांद्यावर आणि एक टेम्पोच्या दाराला धरून त्या वर चढून ड्रायव्हरशेजारी बसल्या. टेम्पो गेटबाहेर पडून नगर रस्त्याला लागला. अध्यक्षांचं भाषण अजून चालू होतं.